योजना कुणाची?

मंगळवार आहे, म्हणजे सेंट अँथनीचा वार. मुंबईतल्या वाकोल्याच्या चर्चमध्ये तुम्ही मेणबत्ती लावून उभे आहात. आखातातली नोकरी हातची गेल्याचं सकाळीच कळलंय. शेजारच्या मावशी खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "देवाची काहीतरी योजना असेल रे बाळा." तुम्ही मान डोलावता. पटत मात्र नाही.

मग बाहेर पडा आणि काळात मागे चला. हायवेचा पूल नाही, रिक्षा नाहीत, विमानांची घरघर नाही. पण १८९३ साली वाकोल्यात रेंगाळू नका, तुम्हाला राजनांदगावला जाणारी गाडी गाठायची आहे.

डब्यात तिशीतला एक ब्राह्मण कवी चढतोय, नारायण वामन टिळक. नोकरीच्या शोधात निघालेत, पण डोक्यात त्याहून मोठा बेत आहे: स्वतःचा नवा धर्म काढायचा. शेजारचा गोरा प्रवासी सरकून त्यांना जागा देतो. काव्यावर गप्पा रंगतात. उतरण्याआधी तो 'नवा करार' हातात ठेवतो आणि सांगतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे पटत नाही. तुम्हालाही पटलं नसतं. पण वाचीन असा शब्द दिलाय, त्याखातर ते वाचायला घेतात आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकतात. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो.

अशा गोष्टी प्रवचनात इथेच संपवतात. तुम्ही मात्र पंढरपूरला या. इथे लक्ष्मीबाई आहेत, टिळकांची बायको. नवऱ्याला देवाची हाक आली, पण हिला कुणी विचारलं होतं? संसार मोडला, लहानगा दत्तू पदरात, आणि लोकांच्या जिभा सैल. तिच्यासमोर उभं राहून 'देवाची योजना' म्हणून दाखवा बरं! मला तरी जमणार नाही. पुढे ती नवऱ्याकडे गेली आणि १९००मध्ये स्वतः ख्रिस्ती झाली, पण आपल्या पायांनी, आपल्या वेळेला.

टिळकांचेही बेत सगळे कुठे तडीस गेले? १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. ९ मे १९१९ला मुंबईत ते वारले. दरबार रुजला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं.

ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने उरलेले अध्याय लिहून काढले, आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आपल्या हालांची हकीकत हसत सांगितली. ईश्वरी योजनेवरची दहा प्रवचनं बाजूला ठेवा आणि आधी ते पुस्तक वाचा. 'ख्रिस्तायन' त्यानंतर.