रुक्मिणी ‘पळून गेली’ की तिला ‘पळवून नेलं’? ‘रन अवे’चा नेमका अर्थ काय?

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. परंपरेनुसार ही विदर्भाचा राजा भीष्मक याची राजधानी, म्हणजेच रुक्मिणीचं माहेर. इथल्या अंबिका मंदिरातून श्रीकृष्णाने तिला रथात बसवून नेलं, असं मानतात.

आता समजा, तिथला फोटो टाकून तुम्हाला इंग्रजीत एका ओळीचं कॅप्शन लिहायचं आहे. काय लिहाल?

बरेच जण लिहितील, ‘कृष्णा रॅन अवे रुक्मिणी’. हे व्याकरणात चुकतं. मराठीत आपण ‘पळणे’वरून ‘पळवणे’ सहज करतो. ‘रन अवे’चं तसं होत नाही. पळणारा स्वतःच पळतो, त्याला कर्म चालत नाही. सोबत कुणी असेल तर ‘विथ’ लागतं आणि कशापासून पळाला हे सांगायचं तर ‘फ्रॉम’. रन, रॅन, रन ही त्याची रूपं.

पण गंमत ‘विथ’मध्येच आहे. ‘शी रॅन अवे विथ हिम’ म्हणजे ती त्याच्यासोबत, स्वतःच्या मर्जीने गेली. आपल्या वऱ्हाडीत ‘पयून गेली’ म्हणतात तेच. ‘ही रॅन अवे विथ द मनी’ म्हणजे मात्र पैसे घेऊन पसार झाला. पैशाची मर्जी कोण विचारतो! बळजबरीने नेलं असं म्हणायचं असेल, तर ‘कॅरीड हर ऑफ’ किंवा थेट ‘अबडक्टेड’.

मग रुक्मिणीचं काय? भागवताच्या दहाव्या स्कंधातली गोष्ट अशी. भाऊ रुक्मीने तिचं लग्न चेदीच्या शिशुपालाशी ठरवलं. तिने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला. त्यात नुसतं ‘या’ एवढंच नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर जायची रीत आहे, तेव्हा मला घेऊन जा, म्हणजे माझ्या आप्तांचा जीव घ्यावा लागणार नाही, हेही तिनेच सुचवलं. दिवस तिचा, जागा तिची, बेतही तिचाच. तरीही आपण या प्रसंगाला ‘रुक्मिणीहरण’ म्हणतो. संत एकनाथांनी आपल्या ग्रंथाचं नाव ‘रुक्मिणी स्वयंवर’ ठेवलं, ते मला जास्त पटतं.

हा फरक फक्त पुराणातला नाही. ‘तरुणीला पळवून नेले’ अशी बातमी वाचली की आपण एक गुन्हेगार आणि एक बळी गृहीत धरतो. लग्नाची सक्ती करण्यासाठी स्त्रीचं अपहरण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 87 खाली गुन्हा आहेच. पण कायद्याने लग्नाचं वय झालेले दोघं मर्जीने गेले असतील, तर ‘पळवून’ या एका शब्दाने त्या मुलीचा निर्णय पुसला जातो. मुलगी 18 वर्षांखालची असेल, तर तिच्या संमतीचा मुद्दा कायद्यात उरत नाही, हेही लक्षात ठेवा.

‘रन अवे विथ’चे आणखी दोन-तीन उपयोग. ‘हर इमॅजिनेशन रॅन अवे विथ हर’ म्हणजे कल्पना भरकटली, भान राहिलं नाही. ‘शी रॅन अवे विथ द प्राइझ’ म्हणजे आरामात बक्षीस मारलं, इथे चोरी नाही. ‘डोन्ट रन अवे विथ द आयडिया’ म्हणजे उगाच तसा समज करून घेऊ नका. जोडून लिहिलेला ‘रनअवे’ हा शब्द नाम किंवा विशेषण असतो, जसं ‘रनअवे हिट’.

‘इलोप’ हा शब्दही चालेल, पण अमेरिकेत हल्ली दोन-चार माणसांत गुपचूप केलेल्या लग्नालाही ‘इलोप’ म्हणतात. मागे यादवांचे रथ आणि समोर शिशुपालाची फौज असलेल्या लग्नाला ते जरा कमी पडतं.

तेव्हा कॅप्शनपुरतं: ‘रुक्मिणी रॅन अवे विथ कृष्णा’. कर्ता तीच.