मिग-२१ची दोन घरे : शेनयांग, ओझर आणि मधली हरवलेली पायरी

१/ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. या ताफ्यातील शेकडो विमाने नाशिकजवळच्या ओझरला बांधली गेली होती. याच विमानाचे एक चिनी भावंडही आहे. मूळ आराखडा एकाच घराण्याचा, संगोपन मात्र निराळे. त्या दोघांची ही कथा. #थ्रेड

२/ आरंभ चीनपासून. जुलै १९५६ मध्ये शेनयांगच्या कारखान्यात बांधलेले पहिले चिनी जेट लढाऊ विमान आकाशात झेपावले. ते सोव्हिएत मिग-१७चेच रूप होते. पुढे त्याला जे-५ हे नाव मिळाले. आराखडे, यंत्रे आणि तज्ज्ञ सोव्हिएत संघातून आलेले होते.

३/ दोनच वर्षांनी, जुलै १९५८ मध्ये, शेनयांगमध्येच जेजे-१ उडाले. चीनने स्वतः रचलेले हे जेट विमान लढाऊ नव्हते, ते प्रशिक्षणासाठी होते. ते सेवेत दाखल झाले नाही. परंतु आराखडा कसा रचावा, याचा पहिला धडा त्यावर गिरवला गेला.

४/ चिनी नावांतच एक खूण दडली आहे. पहिला 'जे' लढाऊ विमानाचा, तर दुसरा 'जे' शिकवण्याचा. जे-५पाठोपाठ दोन आसनांचे जेजे-५ (१९६६) आले, जे-६पाठोपाठ जेजे-६ (१९७०). लढाऊ विमानामागोमाग त्याच घराण्यातील शिक्षक विमान, अशी ही परंपरा.

५/ १९६० मध्ये मैत्री फिस्कटली आणि सोव्हिएत तज्ज्ञ मायदेशी परतले. १९६१ मध्ये मिग-२१चा परवाना मिळाला खरा, पण कागदपत्रे अपुरी होती. चिनी अभियंत्यांनी हाती आलेल्या विमानांचा बारकाईने अभ्यास करून रिकाम्या जागा भरल्या. जानेवारी १९६६ मध्ये जे-७ उडाले.

६/ इकडे ऑगस्ट १९६२ मध्ये भारताने मिग-२१साठी सोव्हिएत संघाशी करार केला. दोनच महिन्यांनी चीनचे आक्रमण झाले. म्हणजे एकमेकांशी लढलेल्या दोन्ही देशांच्या हाती अवघ्या वर्षभराच्या अंतराने एकाच विमानाचे हक्क आले होते.

७/ नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. त्यांच्याच कारकिर्दीत ओझरचा कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली.

८/ प्रारंभी ओझरला आयात सुटे भाग जोडले जात. पुढे कच्च्या मालापासून विमान घडू लागले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने सुमारे साडेसहाशे मिग-२१ बांधली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१नी हल्ला चढवला. दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्य शरण आले.

९/ परवान्याने ओझरला 'कसे बांधायचे' हे शिकवले. 'असेच का' याचे उत्तर मॉस्कोतच राहिले. चीनला ते उत्तर नाइलाजाने शोधावे लागले. त्याची किंमतही मोठी होती : सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळात कारखान्यांची शिस्त ढासळली आणि जे-६ विमाने सदोष निघाली.

१०/ भारतातही प्रशिक्षण विमाने घडत होती : १९५१ चे एचटी-२, १९६४ चे जेट किरण. उणीव पुढच्या पायरीची होती. संथ, क्षमाशील किरणवरून तरुण वैमानिक थेट स्वनातीत मिग-२१कडे जाई. लहान त्रिकोणी पंखांचे हे विमान ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने धावपट्टीवर टेकते. तेथे चुकीला फारशी सवलत नसते.

११/ १९८२ मध्ये ला फोंतेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस केली. ब्रिटिश हॉक विमानाचा करार झाला २००४ मध्ये. ती विमाने मराठवाड्याच्या सीमेवरील बिदर तळावर हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारस आणि विमान यांच्यामध्ये २६ वर्षे गेली.

१२/ त्या २६ वर्षांतच, १७ सप्टेंबर २००१ रोजी, पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ राजस्थानातील सुरतगड येथे मिग-२१च्या अपघातात मृत्युमुखी पडले. त्यांच्या आईवडिलांनी मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशापुढे मांडला आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात संस्था उभारली.

१३/ २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले : ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गमावली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक दगावले. जुने भाग, यंत्रबिघाड, पक्ष्यांच्या धडका, मानवी चुका अशी कारणे अनेक. हरवलेली पायरी त्यांतील एक. चीनने असा हिशेब जनतेपुढे मांडलेला नाही. म्हणून चिनी वैमानिक अधिक सुरक्षित होते, असे म्हणता येत नाही.

१४/ चिनी भावंडाचा वंश मात्र विस्तारला. त्याच बैठकीवर जेजे-७ (१९८५) आणि पुढे जेएल-९ ही प्रशिक्षण विमाने घडली. निर्यातीचे रूप एफ-७ पाकिस्तानने घेतले. जे-७चे उत्पादन २०१३ पर्यंत चालले. दरम्यान जे-१० (१९९८) उडाले आणि पाकिस्तानच्या भागीदारीतील जेएफ-१७ही (२००३). मिग-२१च्या जागी येणारे भारताचे तेजस २००१ मध्ये प्रथम उडाले.

१५/ १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे मिग-२१च्या निरोपानंतर तीनच आठवड्यांनी, ओझरला दोन उत्पादन मार्गिकांचे उद्घाटन झाले. एक तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाची, दुसरी एचटीटी-४० या प्राथमिक प्रशिक्षण विमानाची. दोन्ही भारतीय रचनेची. ज्या ठिकाणी मिग घडले, तेथे आता लढाऊ विमानाच्या शेजारी शिक्षक विमान उभे आहे. (समाप्त)