विचारणाऱ्यांच्या विद्येत स्वागत

दारूचे दुकान चालू ठेवायचे की बंद करायचे, यासाठी महाराष्ट्रात महिलांचे मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेली बाईही कोणाला न विचारता आपले मत देऊन येते. कौल घेण्याचे इतके नेमके साधन मला दुसरे ठाऊक नाही. सर्वेक्षणाची साधने घडवायला शिकणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांनी, मोबाइल हातात घेण्याआधी, ती मतपत्रिका डोळ्यांसमोर आणावी.

ऑनलाइन साधनांचा इतिहास तसा लहान आहे. सर्व्हेमंकी १९९९मध्ये सुरू झाले. २००८मध्ये गूगलच्या स्प्रेडशीटला फॉर्म जोडता येऊ लागला आणि प्रश्नावली तयार करणे कोणालाही जमेल इतके सोपे झाले. आपल्या भागासाठी त्याच वर्षीची दुसरी घटना अधिक मोलाची आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात ओपन डेटा किट या मुक्त प्रणालीचे काम सुरू झाले. तिच्यात फॉर्म फोनमध्ये भरून ठेवायचा आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवायचा, अशी सोय होती. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावांत फिरणाऱ्या माणसाला या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

पण साधन सोपे झाले की एक जुना धोकाही वाढतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५मध्ये दारूबंदी लागू झाली, २०२१मध्ये ती उठली. मधल्या काळात प्रशासनाने लोकांकडून निवेदने मागवली. ती दोन लाखांहून अधिक आली, आणि त्यांतली बहुसंख्य बंदी उठवा म्हणणारी होती. बंदी असावी की नसावी हा वाद इथे बाजूला ठेवू. अभ्यासकाचा प्रश्न वेगळा आहे : निवेदन कोण देतो? ज्याला खबर लागली, ज्याच्याकडे सवड आहे, ज्याला कोणीतरी कागद आणून दिला, तो. न आलेल्यांचे मत या ढिगातून कळत नाही, ढीग कितीही मोठा असो. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक उत्तरे जमवूनही अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज साफ चुकवला, तो याच कारणाने. दुवा व्हॉट्सॲपवर पाठवून घेतलेला प्रत्येक कौल याच जातीचा असतो.

त्याच्या शेजारी गडचिरोलीतले दुसरे काम ठेवून पाहा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोनच गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी वा उपचार मिळालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीवर विसंबणाऱ्याला हे दुखणे कधीच दिसले नसते, कारण त्या बाया नोंदवहीपर्यंत पोचतच नव्हत्या. विचारायला त्यांच्या गावात जावे लागले. ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्या दोन गावांनी बदलली, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे येऊ. ‘घरात किती माणसे?’ हा सगळ्यांत साधा वाटणारा प्रश्न घ्या. एका अंगणात दोन भाऊ, आई एकाकडे जेवते, थोरला मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. उत्तर काय लिहाल? म्हणून जनगणनेपासून चालत आलेली रीत अशी, की एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. फॉर्ममध्ये चुलीचा प्रश्न आधी, माणसांचा नंतर, आणि बाहेरगावी असलेल्यांचा रकाना वेगळा ठेवावा लागतो. मुलाचे वय विचारताना जन्मतारीख सांगता येत नसेल, तर मोहफुलाच्या दिवसांत झाले, की तेंदूची फळी लागली तेव्हा, की पोळ्याच्या आसपास, असे पर्याय पडद्यावर हवेत. माडिया बोलणाऱ्या आजीला छापील मराठी प्रश्न वाचून दाखवण्यापेक्षा तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित केलेला प्रश्न ऐकवता येतो, ती सोय ओपन डेटा किटमध्ये आहे. ती वापरायचा आळस करू नये. प्रश्न विचारणारा दर वेळी आपल्या मनाने भाषांतर करत गेला, तर प्रत्येक घरी वेगळाच प्रश्न विचारला जातो.

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेते, बहुमताने नाही. एखाद्याचे मन वळलेले नसेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोनच बटणांच्या कौलात असे थांबायला जागा नसते. म्हणून ‘अजून ठरलेले नाही’ हे तिसरे बटण ठेवा आणि अहवालात त्याचा आकडा पहिल्या दोन्हींच्या बरोबरीने मांडा. माझ्या मते गावात चर्चा कुठे अडली आहे, हे त्याच आकड्यातून सर्वांत आधी कळते.

सांख्यिकी, नमुनानिवड, माहितीची गोपनीयता हे विषय पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील, आणि गणिताची भीती बाळगायचे कारण नाही. त्याआधी एक काम करा. आपल्या गावासाठी पाचच प्रश्नांचा फॉर्म तयार करा, तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा आणि लोकांनी सुचवलेले बदल करूनच पहिल्या घरी जा. उत्तरे जमली की त्याच ग्रामसभेत ती परत मांडायची तारीखही त्याच दिवशी ठरवून घ्या.