शिक्षक-प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांची संपादणूक

शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक संपादणूक यांतील संबंध हा शिक्षणशास्त्र व शिक्षणाचे अर्थशास्त्र या दोन्ही ज्ञानशाखांमधील संशोधनाचा विषय आहे. प्रशिक्षणाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. डी.एड., बी.एड. यांसारख्या अभ्यासक्रमांतून नोकरीपूर्वी मिळते ते सेवापूर्व प्रशिक्षण, तर नोकरीत असताना शिबिरे, कार्यशाळा किंवा वर्गभेटींद्वारे मिळते ते सेवांतर्गत प्रशिक्षण. प्रशिक्षित शिक्षक अधिक चांगले शिकवतो हे गृहीत धरूनच बहुतेक देशांनी आपले शैक्षणिक धोरण आखले आहे. गेल्या सुमारे सहा दशकांतील संशोधनाने मात्र हे गृहीतक सरसकट मान्य केलेले नाही, आणि सरसकट फेटाळलेलेही नाही. काही प्रशिक्षणांमुळे मुलांच्या शिकण्यात मोठा फरक पडला. अनेकांमुळे काहीच पडला नाही.

पार्श्वभूमी

शिक्षक घडवण्यासाठी स्वतंत्र संस्था असाव्यात हा विचार युरोपात रुजला आणि 'नॉर्मल स्कूल' या नावाने एकोणिसाव्या शतकात भारतात आला. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर व पुणे येथे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५४ च्या वुडच्या खलित्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शिफारस होती. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) अध्यापक महाविद्यालये विद्यापीठांच्या ज्ञानव्यवहारापासून आणि शाळांच्या दैनंदिन जीवनापासूनही तुटलेली असल्याचे नोंदवले होते. पुढील संशोधनात हा दुसरा तुटलेपणा वारंवार समोर आला.

प्रशिक्षणाचा मुलांवर परिणाम होतो का, हे मोजण्याचा प्रयत्न बऱ्याच उशिरा सुरू झाला. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. संपादणुकीतील तफावत शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निगडित असल्याचा तिचा निष्कर्ष होता. त्यामुळे 'शाळेने काही फरक पडत नाही' असा काहीसा अतिरंजित अर्थ रूढ झाला. अर्थशास्त्रज्ञ एरिक हनुशेक यांनी १९७१ पासून केलेल्या अभ्यासांतून चित्र बदलले. एका शिक्षकाच्या वर्गातील मुले दुसऱ्याच्या वर्गातील मुलांपेक्षा वर्षभरात पुष्कळ अधिक प्रगती करतात हे त्यांनी दाखवले. मात्र शिक्षकाची पदवी किंवा प्रमाणपत्र पाहून अशा शिक्षकाची ओळख पटत नाही, असेही त्यांना आढळले.

मोजमापातील अडचणी

प्रशिक्षित व अप्रशिक्षित शिक्षकांच्या वर्गांचे निकाल शेजारी ठेवून तुलना करणे सोपे असले, तरी ती बहुधा दिशाभूल करते. चांगल्या वस्तीतील शाळांना प्रशिक्षित शिक्षक आधी मिळतात; दुर्गम शाळांच्या वाट्याला नवखे किंवा तात्पुरते शिक्षक येतात. निकालातील फरक शिक्षकाचा की वस्तीचा, हे अशा तुलनेतून कळत नाही. ऐच्छिक शिबिरांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. स्वतःहून शिबिराला जाणारा शिक्षक मुळातच उत्साही असण्याचा संभव असतो.

यावर संशोधकांनी दोन मार्ग काढले. पहिला मार्ग म्हणजे वर्षारंभीच्या व वर्षअखेरीच्या गुणांतील वाढ पाहून शिक्षकाचे 'मूल्यवर्धन' ठरवणे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन व जोना रॉकऑफ यांनी २०१४ साली सुमारे २५ लाख मुलांच्या शालेय नोंदी प्रौढपणीच्या करनोंदींशी जोडल्या. अधिक मूल्यवर्धन करणाऱ्या शिक्षकांची मुले महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण आणि त्यांची पुढील कमाई, दोन्ही अधिक असल्याचे त्यांना दिसले. दुसरा मार्ग यादृच्छिक प्रयोगाचा. यात प्रशिक्षण कोणत्या शाळांना द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले जाते व उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या जातात. परिणाम 'प्रमाण विचलना'च्या परिमाणात सांगण्याचा प्रघात आहे. विकसनशील देशांतील प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या ७७ यादृच्छिक प्रयोगांचा पॅट्रिक मॅकेवान यांनी २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात शिक्षक-प्रशिक्षणाचा सरासरी परिणाम ०.१२ प्रमाण विचलन, म्हणजे माफक पण दखलपात्र आढळला. या सरासरीत अत्यंत यशस्वी आणि पूर्णतः निष्फळ असे दोन्ही प्रकारचे उपक्रम मिसळलेले आहेत हे लक्षात घ्यावे लागते.

सेवापूर्व प्रशिक्षण

प्रमाणपत्रधारक शिक्षक अधिक परिणामकारक असतो का, या प्रश्नावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद झाला. लिंडा डार्लिंग-हॅमंड यांनी २००० साली राज्यनिहाय आकडेवारीवरून प्रशिक्षित शिक्षकांचे प्रमाण आणि विद्यार्थ्यांचे गुण यांत ठळक संबंध दाखवला. उलट थॉमस केन, जोना रॉकऑफ व डग्लस स्टायगर यांनी २००८ मध्ये न्यूयॉर्क शहरातील शिक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा प्रमाणपत्र असलेल्या व नसलेल्या शिक्षकांत सरासरी फरक अगदी किरकोळ निघाला. प्रत्येक गटाच्या आत मात्र उत्तम व सामान्य शिक्षकांतील अंतर मोठे होते. डग्लस हॅरिस व टिमथी सास यांनी फ्लोरिडातील नोंदी तपासल्या (२०११). नोकरीच्या पहिल्या काही वर्षांच्या अनुभवाने शिक्षक सुधारतो, हे त्यांना स्पष्ट दिसले; सेवापूर्व शिक्षणाचा तसा प्रभाव दिसला नाही.

या निष्कर्षांवरून 'बी.एड. निरुपयोगी' असे म्हणणे घाईचे ठरेल. संशोधनात तपासले गेले ते प्रमाणपत्र. त्यामागे प्रत्यक्ष काय शिकवले गेले हे क्वचितच तपासले गेले. पाठटाचण, सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ ही चौकट सर्वत्र सारखी दिसली, तरी एका छात्राध्यापकाचे पाठ जाणकाराने शेवटपर्यंत पाहिलेले असतात आणि दुसऱ्याच्या वहीवर केवळ सही असते. आकडेवारीत दोघेही 'प्रशिक्षित' म्हणूनच मोजले जातात.

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या संकल्पनेने या चर्चेला वेगळी दिशा दिली. विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याची पद्धत यांपलीकडे 'तो विषय मुलांना कसा कळतो व कुठे अडतो' याचे एक स्वतंत्र ज्ञान शिक्षकाजवळ असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमात पुष्कळांनी अभ्यासलेली 'आशययुक्त अध्यापनपद्धती' याच विचाराच्या जवळची आहे. हेदर हिल, ब्रायन रोवन व डेबोरा बॉल यांनी २००५ मध्ये गणित शिकवण्यासाठी लागणाऱ्या अशा ज्ञानाची चाचणी शिक्षकांना दिली. ज्यांचे हे ज्ञान अधिक, त्यांच्या पहिली व तिसरीच्या मुलांची गणितातील प्रगतीही अधिक, असे आढळले. हातच्याची वजाबाकी अचूक करता येणे निराळे आणि ५२ मधून २८ वजा करताना मूल ३६ उत्तर का काढते हे ओळखता येणे निराळे. (असे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असते.)

सेवांतर्गत प्रशिक्षण

या विभागातील संशोधन सर्वांत विपुल असून परस्परविरोधीही आहे. क्वांग सुक यून व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तेराशेहून अधिक अभ्यास चाळले, तेव्हा काटेकोर निकषांवर उतरणारे केवळ ९ सापडले. त्यांत ज्या उपक्रमांचा कालावधी १४ तासांहून अधिक होता, त्यांचा मुलांच्या गुणांवर चांगला परिणाम झाला होता. त्याहून छोट्या उपक्रमांचा जवळजवळ नाही.

जेरुसलेममधील शाळांच्या अभ्यासात जोशुआ अँग्रिस्ट व व्हिक्टर लॅव्ही यांना (२००१) धर्मनिरपेक्ष शाळांत प्रशिक्षणाने गुण वाढल्याचे, आणि वर्गातील पटसंख्या कमी करण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडल्याचे दिसले. शिकागोत ब्रायन जेकब व लार्स लेफग्रेन यांना (२००४) मात्र वाढीव प्रशिक्षणाचा वाचन वा गणितावर कोणताही परिणाम सापडला नाही. चीनच्या राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाची प्रशांत लोयाल्का व सहकाऱ्यांनी यादृच्छिक प्रयोगाने पाहणी केली (२०१९). सुमारे ६०० गणित शिक्षक व ३३ हजारांवर विद्यार्थी त्यात होते. परिणाम शून्य. प्रशिक्षणाचा आशय अतिसैद्धांतिक होता आणि शिक्षकांना तो नुसता बसून ऐकावा लागला, हे त्याचे कारण संशोधकांनी दिले. मुलांना कृतीतून शिकवा, असे सांगणारे प्रशिक्षण व्याख्यानातून दिले जाते, ही विसंगती केवळ चीनपुरती नाही.

याच्या उलट उदाहरण विस्कॉन्सिन येथील १९८९ चे आहे. थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा व सहकाऱ्यांनी पहिलीच्या ४० शिक्षकांपैकी निम्म्यांना सुट्टीत सुमारे महिनाभराचे प्रशिक्षण दिले. त्यांना शिकवण्याची ठरावीक पद्धत दिली नाही. लहान मुले बेरीज-वजाबाकीची शाब्दिक उदाहरणे स्वतःच्या बुद्धीने कशी सोडवतात, एवढेच दाखवले. वर्षअखेरीस या शिक्षकांनी अंकांच्या घोकंपट्टीला कमी वेळ दिला होता, तरीही त्यांची मुले उदाहरणे सोडवण्यात आणि बेरजा-वजाबाक्या स्मरणात ठेवण्यातही पुढे होती.

शिबिरानंतर कोणी वर्गात येते की नाही, हा घटकही निर्णायक दिसतो. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य प्रांतात सेत्स्वाना भाषेच्या वाचनासाठी एका गटातील शिक्षकांना मध्यवर्ती ठिकाणी प्रशिक्षण दिले गेले. दुसऱ्या गटाला तेच पाठ व तेच साहित्य देऊन मार्गदर्शक नियमितपणे त्यांच्या वर्गात पाठवले गेले. वर्गात मार्गदर्शन मिळालेल्या गटातील मुलांची वाचनप्रगती सुमारे दुप्पट झाली (याकोबस सिलियर्स व सहकारी, २०२०). मॅथ्यू क्राफ्ट, डेव्हिड ब्लेझर व डिलन होगन यांनी अशा वर्गमार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा आढावा घेतला (२०१८). अध्यापनात ०.४९ आणि संपादणुकीत ०.१८ प्रमाण विचलन सुधारणा त्यांना आढळली. उपक्रम जितका मोठा, तितका परिणाम क्षीण, हेही त्यांनी नोंदवले. चांगले मार्गदर्शक हजारोंनी मिळत नाहीत, हे त्यामागील साधे कारण असावे. जपानमध्ये शिक्षकांनी मिळून एक पाठ तयार करण्याची, तो पाहण्याची व सुधारण्याची परंपरा आहे. तीत बाहेरच्या मार्गदर्शकावरील हे अवलंबित्व कमी असते.

भारत व महाराष्ट्र

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डायट) स्थापन झाल्या. सर्व शिक्षा अभियानात दरवर्षी २० दिवसांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची तरतूद होती. राज्यस्तरावर तयार झालेले साधनव्यक्ती जिल्ह्याला, ते तालुक्याला आणि तालुका केंद्राला शिकवतो, अशी ही उतरंड असे. प्रत्येक पायरीवर आशयाची गळती होते, ही तिच्यावरील नेहमीची टीका आहे. मुळात जे पाच दिवसांत प्रात्यक्षिकांसह शिकवले गेले, ते केंद्रापर्यंत पोहोचताना घडीपुस्तिकेच्या वाचनावर येऊन थांबते.

सेवापूर्व संस्थांचा दर्जा हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. राज्यातील सुमारे तीनशे डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला व २०१२ मध्ये त्याने अहवाल दिला. पाहणी केलेल्या संस्थांपैकी बहुसंख्य संस्था मान्यतेस पात्र नसल्याचे त्यात आढळले. त्यानंतरच्या नियमांनी २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणि शिक्षकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सुचवला आहे. तास वाढवण्याने काय साधेल हे त्या तासांत काय होते यावर अवलंबून राहील, असे वरील अभ्यास सुचवतात.

भारतीय प्रयोगांपैकी मुंबई व वडोदरा येथील 'बालसखी' उपक्रमाची चर्चा सर्वाधिक झाली. 'प्रथम' या संस्थेने वस्तीतीलच तरुणींना सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले दिवसातील काही वेळ त्यांच्याकडे मूलभूत वाचन-गणित शिकत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांच्या अभ्यासात (२००७) दुसऱ्या वर्षी गुणांत ०.२८ प्रमाण विचलन वाढ झाली, आणि ती मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांची होती. आंध्र प्रदेशातील प्रयोगांत कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांना असे दिसले की, एरवी प्रशिक्षणाची पदवी मुलांच्या प्रगतीशी जुळत नाही. पण निकालाशी जोडलेले प्रोत्साहन मिळाल्यावर अधिक शिकलेले व प्रशिक्षित शिक्षक इतरांहून अधिक परिणाम साधतात. कौशल्य होते, ते वापरण्याचे कारण नव्हते, असा याचा अर्थ लावला जातो.

बिहार व हरियाणातील अनुभव या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या वाचनपातळीनुसार गटांत बसवून शिकवण्याचे प्रशिक्षण बिहारमधील सरकारी शिक्षकांना दिले गेले. शालेय वर्षात त्याचा परिणाम झाला नाही. त्याच राज्यातील सरकारी शिक्षकांनी उन्हाळी वर्गात हीच पद्धत वापरली तेव्हा मुले वाचनात पुढे गेली. म्हणजे शिक्षकांना पद्धत येत होती; पाठ्यक्रम पूर्ण करण्याच्या धांदलीत ती वापरायला जागा नव्हती. हरियाणात यावरून धडा घेऊन रोजचा एक तास याच कामासाठी राखला गेला. शाळांना भेट देणाऱ्या समन्वयकांनी आधी स्वतः काही आठवडे मुलांना शिकवून पाहिले व मग शिक्षकांना मार्गदर्शन केले. तेथे हिंदीच्या वाचन-लेखनात ०.१५ प्रमाण विचलन वाढ दिसली. त्याच राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे प्रशिक्षणही तपासले गेले. त्याचा गुणांवर परिणाम आढळला नाही. २०१० पासून महाराष्ट्रातील शिक्षकांनीही या मूल्यमापनाच्या नोंदवह्या भरल्या आहेत.

मर्यादा व टीका

या संशोधनावरील मुख्य आक्षेप असा की, त्यात संपादणूक म्हणजे बहुधा भाषा व गणिताच्या लेखी चाचणीतील गुण. वर्गातील मुलांचा धीटपणा, शाळेत टिकून राहणे, जातीपातीवरून होणारी वागणूक या गोष्टी प्रशिक्षणाने बदलू शकतात, पण त्या अशा चाचणीत उमटत नाहीत. बहुतेक प्रयोग एक-दोन वर्षांतच संपतात. शिक्षकाच्या सवयी बदलायला त्याहून अधिक काळ लागतो, असे अनेक शिक्षणतज्ज्ञांचे मत आहे. शिवाय दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळांतील शिक्षक, जनगणना व निवडणुकीच्या कामांत जाणारे दिवस, रिक्त पदे यांचा विचार न करता निष्फळतेचे खापर केवळ प्रशिक्षणावर वा शिक्षकावर फोडले जाते, अशी शिक्षक संघटनांची तक्रार असते. आना पोपोवा, डेव्हिड एव्हन्स व सहकाऱ्यांच्या आढाव्यानुसार (२०२२) विशिष्ट विषयावर केंद्रित, प्रशिक्षणातच पाठाचा सराव करून घेणारे, पाठपुराव्याच्या भेटी असलेले आणि शिक्षकाच्या बढती वा वेतनाशी जोडलेले उपक्रम अधिक फलदायी ठरतात. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर राबवल्या जाणाऱ्या सरकारी प्रशिक्षणांत यांपैकी बहुतेक गोष्टी अभावानेच आढळतात.