डोळ्यातला थेंब

पेनिसिलिन म्हटले की फ्लेमिंग आठवतो. पण त्या बुरशीने बरे झाल्याची पहिली नोंद डोळ्यांच्या रुग्णांची आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात १९३० साली सेसिल पेन या तरुण डॉक्टराने बुरशीचा गाळलेला रस थेट डोळ्यांत घालून पाहिला. जन्मल्याबरोबर डोळे पुवाने भरलेली काही तान्ही बाळे बरी झाली. खाणीवरच्या एका अधिकाऱ्याच्या डोळ्यात दगडाची कपची घुसून तो चिघळला होता, तोही वाचला. एवढे होऊनही पेनने ते कुठे छापले नाही. बिचारा दुसऱ्या कामाला लागला!

१९४५ साली नोबेल घेताना फ्लेमिंगने बजावले होते की, मात्रा अपुरी पडली तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तसेच झाले. बाळांचे डोळे बिघडवणाऱ्या परम्याच्या जंतूचे पेनिसिलिन पचवणारे वाण १९७६ साली सापडले.

त्याहून हट्टी जंतू म्हणजे स्यूडोमोनास. ओल असेल तिथे हा राहतो, अगदी कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीतसुद्धा. बुबुळाला ओरखडा निघाला की आत शिरतो आणि एक-दोन दिवसांत ते पोखरतो. डोळा वाचलाच तर फूल पडते. त्याच्यावर जेंटामायसिन चालले, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. काही वाण मात्र सगळ्यांनाच पुरून उरले.

असे रुग्ण आपल्या हैदराबादेतही आले. १९८७ साली सुरू झालेल्या, बंजारा हिल्सवरच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी कोलिस्टिन बाहेर काढले. मातीतल्या जंतूपासून जपानात मिळालेले हे जुने औषध मूत्रपिंडाला बाधते म्हणून सत्तरच्या दशकात मागे पडले होते. ते जंतूचे बाहेरचे आवरणच फाडते. आणि डोळ्यात घातलेला थेंब मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो तरी किती? ०.१९ टक्क्यांच्या थेंबांनी व्रण भरल्याचा अनुभव त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी चीनमधून बातमी आली: कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुणही एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो.

आमच्याकडे डोळा लाल झाला की गल्लीतल्या मेडिकलमधून थेंब यायचे, दोन दिवसांनी बाटली फ्रिजच्या दारात. परवा पाहिले तर तिथे तीन बाटल्या होत्या. कुणाच्या, कधीच्या, घरात एकालाही सांगता आले नाही.