काळ्या स्क्रीनमागची चाळीस वर्षं

गेल्या हिवाळ्यात मी लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. त्यानंतर कधीमधी लॉगिनचा स्क्रीन यायचाच नाही. नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. रीस्टार्ट केलं की चालायचं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. उन्हाळ्यात शहाद्याला घरी आले, एक अपडेट घेतलं आणि चारातले तीन वेळा हेच व्हायला लागलं. दुकानातलं निदान एका वाक्याचं होतं: "फॉरमॅट मारावा लागेल." माझ्या तिसऱ्या प्रकरणाची सगळी मोजमापं त्याच एसएसडीवर होती. दुसरी प्रत फक्त जुन्या डिस्कवर, चार महिन्यांपूर्वीची.

फॉरमॅट केला नाही. का नाही, हे समजायला थोडा इतिहास बघू या.

१९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफलर यांनी 'एक्स' ही खिडक्यांची प्रणाली सुरू केली. तिची अकरावी आवृत्ती, एक्स-११, १९८७ ची. तेव्हा लॉगिन साध्या अक्षरांतच व्हायचं, आणि मग तुम्ही स्वतः आज्ञा देऊन चित्रमय पडदा सुरू करायचा. तो पडला तर तुम्ही परत अक्षरांच्या पडद्यावर यायचात आणि चूक समोर लिहिलेली असायची.

१९८८ मध्ये, म्हणजे पुण्यात सी-डॅक स्थापन झालं त्याच वर्षी, कीथ पॅकार्ड यांचा एक्सडीएम आला. आता लॉगिनच चित्रमय झालं. सोय झाली, पण चूक पडद्यामागे गेली. ती वाचायला लॉग उघडणं भाग पडलं.

लिनक्सवर पुढे बरीच वर्षं इनिट नावाचा प्रोग्रॅम सगळं सुरू करायचा. रेड हॅटच्या पद्धतीत रनलेव्हल ३ म्हणजे अक्षरं, ५ म्हणजे चित्रमय लॉगिन. कामं एकामागून एक व्हायची आणि लॉगिनचा नंबर शेवटी लागायचा. तो प्रोग्रॅम दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा पडला, की इनिट त्याला पाच मिनिटं बंद ठेवायचा आणि तसं सांगायचाही. संथ कारभार, पण क्रम पक्का.

मग तीन बदल झाले. २००९ मध्ये लिनक्स २.६.२९ पासून इंटेलच्या चिपसाठी स्क्रीनची मांडणी करण्याचं काम एक्सकडून कर्नलकडे गेलं. इतर चिपही त्याच वाटेने गेल्या. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टमडी जाहीर केलं. त्यात कामं शक्य तितकी एकाच वेळी सुरू होतात. २०११ मध्ये फेडोरा १५ ने ते मूळ पद्धत म्हणून घेतलं. आणि याच सुमारास एसएसडी स्वस्त होत गेल्या.

तिन्ही बदल आपापल्या जागी योग्य. पण एकत्र आले तेव्हा एक जुनं गृहीतक उघडं पडलं: 'लॉगिन सुरू होईपर्यंत ग्राफिक्स ड्रायव्हर तयार असणारच.' हे कुठे लिहिलेलं नव्हतं. संथपणामुळे ते आपोआप खरं ठरत होतं. आता मंगलाष्टकं सुरू झाली तरी नवरदेव पारावरच, असं व्हायला लागलं. लाइटडीएम या लॉगिन प्रोग्रॅममध्ये तर त्यासाठी वेगळं सेटिंगच आहे: ग्राफिक्स तयार असल्याची नोंद झाल्याशिवाय पडदा सुरू करू नकोस.

माझ्याकडे हेच होतं. काळ्या पडद्यावर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, अक्षरांचं लॉगिन मिळालं. म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त पडदा पडला होता. आधी मोजमापांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मग जर्नल उघडून त्या बूटच्या नोंदी वेळेच्या क्रमाने वाचल्या. लॉगिन प्रोग्रॅम पडल्याची ओळ वर आणि ड्रायव्हर तयार झाल्याची ओळ तिच्याखाली. चांगल्या बूटमध्ये क्रम उलटा. ड्रायव्हरचं नाव इनिटरॅमएफएसच्या यादीत घातलं, ती फाइल नव्याने बनवली, म्हणजे तो अगदी सुरुवातीलाच लोड होईल. त्यानंतर वीस वेळा रीस्टार्ट केलं. वीसही वेळा लॉगिन आलं.

प्रत्येक काळा स्क्रीन याच कारणाने येतो असं नाही. डिस्क पूर्ण भरली किंवा अपडेटनंतर ड्रायव्हर कर्नलशी जुळेनासा झाला, तरी हेच दिसतं. पण तेव्हा बिघाड बहुधा दर वेळी होतो. कधी होतो, कधी नाही, असं असेल तर आधी क्रमावर आणि वेळेवर संशय घ्या.

प्रयोगशाळेतही हेच लागू पडतं. नवीन, वेगवान उपकरण आणल्यावर जुना प्रयोग अधूनमधून फसायला लागला, तर लगेच उपकरणाला दोष देऊ नका. जुनं उपकरण संथ होतं म्हणून कोणतं गृहीतक आपोआप पाळलं जात होतं, ते शोधा. फसलेल्या आणि जमलेल्या खेपेच्या नोंदी शेजारी ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. फॉरमॅट केला असता तर मोजमापं गेली असतीच, पण नोंदीही गेल्या असत्या. आणि नव्याने टाकलेल्या लिनक्सवर तीच शर्यत परत लागली असती, तर मला कारण कळलंच नसतं.

लिनक्स अजून हाताळलं नसेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ बघा. सुरुवात टर्मिनलपासून करा. पडदा काळा झाला की हाताशी तेवढंच उरतं.