जेट (शौचालयातील)

शौचानंतर धुण्यासाठी कमोडशेजारी भिंतीवर बसवलेला, हातात धरून दाबायचा पाण्याचा फवारा. दुकानात याला 'हेल्थ फॉसेट' म्हणतात, घरात नुसता 'जेट'. युरोपातील बिडे हे याचे जुने भावंड. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळलेले हे एक वेगळे बसके भांडे होते. त्यावर तट्टावर बसावे तसे बसत, आणि तट्टू हाच त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ. कमोडमध्येच नळी असलेला, विजेवर चालणारा प्रकार जपानच्या टोटो कंपनीने 1980 साली 'वॉशलेट' या नावाने बाजारात आणला. सोलापुरात मात्र टमरेलाची जागा थेट जेटने घेतली. मूळव्याध किंवा फिशर असलेल्यांना, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना त्याने मोठाच आराम दिला आहे. धोका धुण्यात नाही. तो पाणी, नळी आणि हात यांत आहे.

सोलापूर शहराला भीमेवरील उजनी धरणाचे पाणी शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीतून येते. हिप्परग्याचा एकरुख तलाव आणि टाकळीचा उपसा हे इतर स्रोत. धरण मोठे, तरी घरात पाणी रोज येत नाही. वर्षानुवर्षे शहराने चार-पाच दिवसांआड पाणी भरले आहे. म्हणून इथल्या जेटमधून ताजे पाणी क्वचितच येते. येते ते गच्चीवरच्या टाकीत साठून राहिलेले. झाकण तुटलेल्या टाकीत कबुतरांची घाण आणि शेवाळ जाते, तळाशी गाळ बसतो. साठ्यातला क्लोरीन दिवसागणिक उडून जातो. जेटचा शॉवर काढून आतून बोट फिरवले तर बुळबुळीत थर लागतो. जिवाणू असा थर करून राहतात आणि नुसत्या वाहत्या पाण्याने तो निघत नाही. बोअरच्या जड पाण्याने तोंडाच्या भोकांवर पांढरा क्षार चढतो, त्यात घाण आणखी धरते. जपानमधील रुग्णालयांत विजेवरच्या कमोडच्या नळ्या तपासल्या तेव्हा औषधांना दाद न देणारे जिवाणूही सापडले. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांच्यासाठी ही बाब गंभीर आहे.

स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते आणि लघवीच्या बहुतेक संसर्गांमागे आतड्यातलाच ई. कोलाय हा जिवाणू असतो. फवारा मागून पुढे मारला तर घाण नेमकी तिकडे ढकलली जाते. म्हणून पाणी पुढून मागे, हलक्या धारेने घ्यावे. योनीच्या आत फवारा कधीही मारू नये; तिथल्या उपयोगी जिवाणूंचा समतोल त्याने बिघडतो. पंपाच्या जोराची धार फिशरची जखम उघडते. दिवसातून अनेकदा जोरात धुतल्याने गुदद्वाराची त्वचा कोरडी पडून खाज सुटते, आणि खाज आली की माणूस आणखी धुतो. उलट, ओलसर राहिलेल्या जांघेत गजकर्ण वाढते. धुतल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करावे. हा सल्ला आपल्याकडे सर्वांत कमी पाळला जातो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत काळ्या टाकीतले आणि गच्चीवरच्या उघड्या पाइपातले पाणी दुपारी चटका बसेल इतके तापते. लहान मुलाला धुण्याआधी पहिली धार कमोडमध्ये सोडावी, मग स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहावी. तापलेले आणि साचलेले पाणी वाहून जाते, हाही फायदा.

जेटची मूठ घरातल्या सगळ्यांच्या हाताला लागते. ती रोज साबणाने धुवावी आणि नंतर हातही साबणाने. तोंडाचा क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून काढता येतो. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने निर्जंतुक करायचे असेल तर ते वेगळ्या दिवशी, आधीचे व्हिनेगर पूर्ण धुऊन. संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. दार लावलेल्या छोट्या संडासात तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी, बहुतेक घरांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट. जेटचा पाइप लांब असतो आणि हूक तुटला की जेट कमोडच्या भांड्यात लोंबतो. जोडणी थेट नळाच्या लाइनीवर असेल आणि पाणी जाण्याच्या वेळी लाइन रिकामी होऊ लागली, तर तिच्यात ओढ निर्माण होते आणि भांड्यातले पाणी मागे खेचले जाऊ शकते. तेच पुढच्या पाण्यासोबत स्वयंपाकघराच्या नळाला येते. वापर झाला की भिंतीतला कॉक बंद करावा. जोडणी टाकीवरूनच घ्यावी, शक्यतो उलट्या प्रवाहाला अडवणाऱ्या व्हॉल्व्हसह. आणि हूक भांड्याच्या काठापेक्षा बराच वर, जेट खाली पोहोचणार नाही अशा बेताने बसवायला प्लंबरला आवर्जून सांगावे.